संध्याकाळची चाल

चंदना सकाळी नऊ वाजता चालायची ती एक मुलगी, आणि संध्याकाळी सहा वाजता चालायची ती दुसरीच. पद्मजा मगदूमला हे गेलं दीड वर्ष ठाऊक होतं. अडचण एवढीच, की ज्या यंत्राने हे ऐकून घ्यायला हवं होतं त्याने पद्मजाच्या शब्दाचं वजन शंभरात बावीस ठरवून ठेवलं होतं.

आत्ता सकाळचे साडेनऊ झाले होते. बालनिदान केंद्राच्या लांबट खोलीत दहा मीटरची करडी रबरी पट्टी अंथरलेली होती. दोन्ही बाजूंना कॅमेरे, पट्टीच्या पोटात पावलांचा दाब मोजणारे हजारो टिपके आणि पलीकडच्या टोकाला प्लास्टिकचं पिवळं बदक. केंद्रातले सगळे तिला चालपट्टी म्हणत.

"चल राणी, बदकाला पकडायचं," सिस्टर म्हणाल्या.

सहा वर्षांची चंदना निघाली. टाचा किंचित उचललेल्या, उजवा पाय जरासा आत वळलेला, पण चालली. बदकाला टपली मारून परतसुद्धा आली. दाराशी उभी असलेली पद्मजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बघत होती. ही सकाळची चंदना. संध्याकाळच्या चंदनाला बदकापर्यंत पोचताच आलं नसतं.

पडद्यावर अक्षरं उमटली. सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय. दोष जन्मजात, पालकांच्या उशिरा लक्षात आला. खात्री : एक्क्याण्णव टक्के. शिफारस : शस्त्रक्रिया. खाली तारीखही पडली होती, बरोबर तीन आठवड्यांनंतरची.

"म्हणजे नक्की काय करणार, डॉक्टर?"

डॉ. सलमा पटवेगार पन्नाशीच्या होत्या. रोज चाळीस आयांशी बोलून त्यांचा आवाज बसला होता. "टाचेमागची शीर लांब करतात. आणि कण्याजवळ पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या काही मुळ्या छाटतात. ताठरपणा जातो त्याने."

"छाटलेल्या मुळ्या परत जोडता येतात?"

"नाही."

"ती साडेचार वर्षांची होईपर्यंत पळत होती, डॉक्टर. अंगणात, गच्चीत, सगळीकडे. जन्मजात कसं असेल?"

डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. "तुम्ही मागच्या वेळीही हे सांगितलंत, मी लिहिलंही. त्याने ते बावीसच्या वजनाने घेतलं."

निदानसेतू देशभर सुरू होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. माणूस कुठल्याही दवाखान्यात जावो, त्याचं रक्त, त्याच्या मेंदूचा फोटो, त्याची चाल, त्याचा खोकलासुद्धा एकाच ठिकाणी जाई. तिथे कोट्यवधी जुन्या नोंदींशी ते ताडून यंत्र एक निदान आणि एक आकडा देई. आडगावातल्या माणसालाही मोठ्या शहरातल्यासारखं निदान मिळू लागलं होतं. पद्मजाच्या वडिलांच्या आतड्याची गाठ त्यानेच वेळेवर पकडली होती, तेव्हा ती काही यंत्राची वैरीण नव्हती. पण आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला की निदान पक्कं होई आणि माणसाच्या आरोग्य-क्रमांकाला चिकटे. मग इचलकरंजीहून पुण्याला जा नाहीतर दिल्लीला, पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याच चष्म्यातून बघे. नवं लक्षण दिसलं की यंत्र ते जुन्याच निदानात बसवून टाकी.

नातेवाइकांचं म्हणणं यंत्र ऐकून घेई, पण सगळ्यांचं सारखं नाही. प्रत्येकाला एक विश्वासांक असे. चंदना झाली तेव्हा पद्मजा चोवीस वर्षांची होती. पहिलंच मूल, माहेर लांब. पहिल्या दोन वर्षांत ती एकतीस वेळा दवाखान्यात गेली होती. बाळाचा श्वास वेगळा वाटतो, शी हिरवी झाली, डोळा एकीकडे जातो. एकतीसही वेळा काही निघालं नाही, आणि दर वेळी तिचा आकडा थोडा थोडा घसरत गेला. एकतीस वेळा 'नसलेलं बघते' म्हणून ज्या बाईला खाली उतरवलं, तिलाच आता यंत्र सांगत होतं की असलेलं तुझ्या लक्षात आलं नाही.

पद्मजाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि चंदनाचं बोट धरलं. जिना उतरताना चंदना दोन-दोन पायऱ्या मोजत होती.

*

"एक्क्याण्णव टक्के म्हणजे काय थोडे झाले?" पद्मजाचा नवरा अभिनंदन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोह्यांची बशी घेऊन दारात बसला होता. तो लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा मेकॅनिक. कायमचा दुसऱ्या पाळीला, दुपारी तीन ते रात्री अकरा; सुट्टीच्या दिवशीही जादा कामावर. "माझ्या लूमचा सेन्सर बिघाड सत्तर टक्के म्हणाला तरी मी मशीन थांबवतो."

"आणि सेन्सरवर धूळ बसली असेल तर?"

"तर पुसतो. इथे कुठं धूळ आहे, दाखव."

पद्मजाला ते दाखवता येईना. समोर अंगणात चंदना खडूने आखलेल्या चौकोनांतून लंगडी घालत होती.

"बघ," तो म्हणाला, "थोडं वाकडं पडतं पाऊल. ऑपरेशन केलं की सरळ होईल. तू थांबवायला लावलंस आणि पाय कायमचा आखडला, तर जबाबदार कोण?"

"मी."

"म्हणायला सोपं आहे."

संमतीच्या अर्जावर त्याने सही केली होती. नियमाने दोघांची लागायची. तिची जागा रिकामी होती.

त्या संध्याकाळी सूर्यास्त सहा बावन्नला होता. हे घरात सगळ्यांना माहीत असे, कारण त्रिशलाबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, पद्मजाच्या सासूबाई, लग्न झाल्यापासून सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. कॅलेंडरवर रोजची वेळ पेन्सिलीने अधोरेखित केलेली असे. सहाच्या ठोक्याला त्या पानावर बसत.

चंदना स्वयंपाकघराच्या दारात आली ती भिंत धरून. दोन्ही टाचा अधांतरी, उजवं पाऊल पार आत वळलेलं, बोटं मुडपलेली. दोन पावलं टाकली आणि चौकटीशी बसली.

"आई, घे ना."

पद्मजाने तिला उचललं.

"घे, घे उचलून," अक्का भाकरी मोडत म्हणाल्या. "दिवसभर उड्या, आन् दिवस कलला की कडेवर. नाटकं हाईत सगळी. तू घेतेस म्हणून ती करती."

"अक्का, पाय बघा की हिचा."

"बघितला. मी काय आंधळी हाय?"

पद्मजाने चंदनाला पाटावर बसवलं. पण ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. अक्का आंधळ्या नव्हत्या. उलट या घरात घड्याळ लावून चंदनाला बघणारं दुसरं कुणीच नव्हतं.

*

पद्मजा रसायनशास्त्राची पदवीधर. कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंग जुळवायच्या खोलीत काम करायची. गिऱ्हाइकाचा नमुना यायचा, तसाच रंग कापडावर उतरवायचा, आणि दोन्ही तुकडे एका काळ्या पेटीत शेजारी ठेवून बघायचं. पेटीत चार दिवे : ट्यूबचा, दुकानातला पांढरा, घरातला पिवळा आणि दिवसाच्या उजेडासारखा.

त्या दिवशी मोरपंखी रंगाचा लॉट होता. ट्यूबखाली दोन्ही तुकडे इतके सारखे, की कुठला कुणाचा सांगता येईना. खोलीतला नवा मुलगा म्हणाला, "पास करू, मॅडम?"

"थांब."

तिने पिवळा दिवा लावला. एक तुकडा हिरवा पडला, दुसरा निळाच राहिला.

दोन वेगळे रंग एका उजेडात अगदी एक दिसू शकतात. आतली रसायनं वेगळी असली तरी त्या उजेडात ती सारखीच दिसतात. बायकांना हे पुस्तकाशिवाय कळतं. म्हणून तर साडी घेताना त्या दुकानदाराला म्हणतात, जरा बाहेर उजेडात दाखवा.

पेटीचा दिवा विझवता विझवता पद्मजाचा हात थांबला. चंदनाला आजवर किती उजेडात बघितलं? चालपट्टी नऊला सुरू होते आणि एकला बंद. पाच वेळा तपासणी झाली, पाचही वेळा सकाळी. यंत्राने तिच्या मुलीची संध्याकाळ पाहिलेलीच नव्हती. आणि कायम दुसऱ्या पाळीला असलेल्या अभिनंदननेही.

धूळ सापडली होती. आता ती दाखवायची होती.

येताना तिने ग्रे कापड, म्हणजे लूमवरून उतरलेलं, अजून न धुतलेलं, न रंगवलेलं, बारा मीटर विकत आणलं, आणि वाण्याकडून कपड्यांची नीळ. कापडाच्या लांब पट्ट्या फाडल्या आणि परातीत निळीचं पाणी केलं. चंदनाला हा खेळ फार आवडला. सकाळी उठल्यावर परातीत पाय बुडवायचे आणि कापडावरून चालायचं. संध्याकाळी सहाला पुन्हा तसंच. रविवारी दुपारी झोपेआधी एकदा आणि झोपून उठल्यावर एकदा. प्रत्येक पट्टीच्या कडेला पद्मजा तारीख आणि वेळ लिहून ठेवी.

"काय गं हे, परीट झालीस का आता?" अक्का म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच हाक मारली, "सहा वाजले, तुझी परात कुठं हाय?"

*

बाराव्या दिवशी डॉ. पटवेगारांच्या टेबलावर, दोन फायली आणि चहाचा कप बाजूला सारून, पद्मजाने कापड उलगडलं. सकाळची पावलं टाचेसकट उमटली होती, बदामी घाटाची. संध्याकाळच्या पट्टीवर टाच नव्हतीच. फक्त बोटांचे ठसे आणि उजवीकडे फरपटल्याचा लांबच लांब निळा ओरखडा.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आणि ही दुपारची पट्टी? हिच्यावर तर टाच आहे."

"रविवारची. दीड तास झोपून उठली होती."

"झोपेआधी?"

"ही बघा. टाच नाही."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या.

"शिकत असताना आमच्या सरांनी एक आजार सांगितला होता," त्या म्हणाल्या. "मी जन्मात पाहिला नाही. मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. हालचाल सुरळीत ठेवायला ते लागतं. काही मुलांत ते बनवणारी यंत्रणा अर्धवट असते. झोपेत टाकी थोडीफार भरते, दिवसभरात रिकामी होते. म्हणून सकाळी पोर पळतं आणि संध्याकाळी पाय पिळवटून निघतात. मेंदूचा फोटो स्वच्छ. बाहेरून बघाल तर हुबेहूब सेरेब्रल पाल्सी."

"औषध?"

"लेव्होडोपा. म्हाताऱ्यांच्या कंपवातावर देतात ना, तेच. त्यातून मेंदूला डोपामीन तयार करता येतं. अगदी थोडं लागतं. हा आजार असला तर काही दिवसांत फरक दिसतो. नसला तर बंद करायचं."

पद्मजा पुढे झुकली. "मग यंत्राला हे माहीत कसं नाही?"

"नाव माहीत आहे. ओळख नाही." डॉक्टरांच्या आवाजात खंत होती. "त्याला शिकवलं कुणी? आम्ही. आमच्या ओपीडी सकाळच्या, म्हणून देशभरातल्या त्याच्या सगळ्या चाली सकाळच्या. आणि पूर्वी अशी जी मुलं आली असतील, त्यांना आम्हीच सेरेब्रल पाल्सी म्हणून लिहून ठेवलं असणार. आमच्या चुका त्याने पाठ केल्या. आता आम्हालाच परत म्हणून दाखवतं. एक्क्याण्णव टक्के खात्रीने."

"मग द्या की औषध!"

"मी लिहिलं तरी औषधखिडकी देणार नाही. पक्क्या निदानाशी न जुळणारं औषध निघतच नाही. फाईल पुन्हा उघडायला नवा पुरावा लागतो. कापड त्याला वाचता येत नाही. संध्याकाळी पट्टीवर चालवलं, तर 'तुलनेला नोंद नाही' म्हणून ते फेकून देतं. राहिलं घरच्या माणसाचं निवेदन. रोज सांभाळणारं माणूस हवं, आणि विश्वासांक सत्तरच्या वर." त्यांनी पद्मजाकडे बघणं टाळलं. "घरात आणखी कोण आहे?"

"सासूबाई. पण त्या कधी दवाखान्यात येतच नाहीत."

डॉक्टरांनी नाव टाकलं आणि पडद्याकडे बघून हसू दाबलं. "सत्त्याण्णव."

"काय?"

"आयुष्यात एकदाच नोंद आहे. विंचू चावला म्हणून आल्या होत्या. विंचूच होता."

*

"मी येऊन काय सांगायचं?" अक्का गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

"तुम्हाला जे दिसतं ते."

"मला नाटकं दिसतात."

पद्मजा समोर बसली. डॉक्टरांनी बजावलं होतं : पढवलेलं बोलणं यंत्र ओळखतं, संशय आला तर अक्कांचाही आकडा खाली जाईल, आणि मग घरात कुणीच उरणार नाही. आणि अक्का यंत्रापुढे 'नाटक' म्हणाल्या, तर ते चंदनाच्या नावापुढे कायमचं लागणार. दोन्हीकडून फास होता.

"तुम्हाला नाटक वाटत असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "मी एक शब्दसुद्धा शिकवणार नाही. फक्त काय दिसतं आणि किती वाजता दिसतं, तेवढं नीट सांगा."

आता अक्कांचा हात थांबला. "आन् त्यानं तुझंच नुकसान झालं तर?"

"होऊ दे. पण तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे."

अक्का सुपातले खडे बाजूला टाकत राहिल्या. एक, दोन, तीन खडे. "दिवस बुडायच्या आत घरी आणून सोडशील?"

"साडेपाचला."

"मग चल. पण त्या मशीनला म्हणावं, नीट ऐक. मी दोनदा सांगत न्हाई."

*

निवेदनाची खोली लहान होती. एक खुर्ची, समोर पडदा. मागच्या बाकावर पद्मजाला बसू दिलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. शस्त्रक्रियेला सात दिवस उरले होते.

"आपलं नाव?" यंत्राचा आवाज मऊ होता.

"त्रिशला बाबगोंडा मगदूम. तुझं?"

"मला निदानसेतू म्हणतात."

"बरं. विचार."

"नातीच्या चालण्यात आपल्याला काय दिसतं?"

"सकाळी हरणासारखी. बाराला शाळेतनं येती, तवा बरी. साडेचारला उजवा पाय आत जाया लागतो. मी सहाला पानावर बसते, तवर टाच टेकत न्हाई. रविवारी दुपारची झोपून उठली की परत उड्या."

"इतक्या नेमक्या वेळा आपल्याला कशा ठाऊक?"

"बेचाळीस वर्षं दिवसाउजेडी जेवते मी. वेळ मला ठावी नसंल तर कुणाला?"

पडद्याच्या कोपऱ्यातला एक्क्याण्णवचा आकडा सत्त्याऐंशी झाला.

"असं का होत असावं, असं आपल्याला वाटतं?"

"नाटकं करती."

"म्हणजे ती मुद्दाम तसं चालते?"

"आईनं कडेवर घ्यावं म्हणून."

आकड्याखाली नवी ओळ आली : वर्तणुकीचं कारण तपासत आहे. पद्मजाला उठावं, ओरडावं, असं वाटलं. ती उठली नाही.

"कुणी पाहत नसताना ती कशी चालते, हे आपण कधी पाहिलं आहे?"

अक्कांनी पदराचा काठ दोन बोटांत धरून ठेवला.

"एकदा," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळी झाल्यावर. मी गच्चीत वाळत घातलेल्या डाळी काढत हुते. सूर्य टेकला हुता. माझं पाणी प्यायचं राहिलं हुतं, पण खाली ही एकटीच, मग हाक कुणाला मारायची? म्हटलं, ऱ्हाऊ दे आज. आन् जिन्यात तांब्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं. ही माझा तांब्या घिऊन येत हुती. उभं ऱ्हाता येत न्हवतं तिला. तांब्या वरच्या पायरीवर ठेवायचा, मग गुडघ्यावर एक पायरी चढायची. परत तांब्या पुढं. परत गुडघे. चौदा पायऱ्या हाईत आमच्या जिन्याला."

पडद्यावर अक्कांचे शब्द उमटत होते.

"शेवटच्या पायरीला भिंत धरून उभी ऱ्हायली. गुडघे झाडले. मग हसत पुढं आली आन् म्हणाली, आज्जी, पी लवकर, सूर्य अजून हाय. मी पाणी प्याले. मी बघितलं हे तिला सांगितलं न्हाई. कुणालाच न्हाई. म्हटलं, खेळ करत आसंल."

अक्का थांबल्या. पद्मजाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खांदे दिसत होते.

"नाटक करणारी पोर कुणी बघत नसताना रांगती व्हय?" त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न यंत्राला नव्हता. मग पाठ ताठ करून पडद्याकडे बघितलं. "न्हाई. नाटक न्हाई ते. माझं चुकलं. तसं लिही."

"आपण विधान बदलत आहात. कारण नोंदवायचं आहे का?"

"बघत रोजच हुते. आज कळलं, हे कारण."

ऐंशी. बाहत्तर. चौसष्ट. आकडा तिथे थांबला आणि पडदा पांढरा झाला. निदान अनिश्चित. फाईल वैद्यकीय अधिकाऱ्याकडे वर्ग. शस्त्रक्रिया स्थगित.

बाहेर आल्यावर अक्कांनी पद्मजाकडे बघितलं नाही. चपला घालताना फक्त म्हणाल्या, "पाच वाजले. चल, उशीर हुईल." आणि रिक्षात बसल्यावर पद्मजाची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

*

औषध सुरू करायच्या आदल्या दिवशी डॉ. पटवेगारांनी संध्याकाळी सहाला चालपट्टी चालू ठेवली. अभिनंदनने दुसऱ्या पाळीची रजा टाकली होती. 'मी नुसता बघायला येतो,' म्हणाला होता.

चंदना निघाली आणि पट्टीच्या मध्यावर पडली. उठायला गेली, पुन्हा पडली. बदक पाच मीटर लांब होतं. "पप्पा, आज ते लांब ठेवलंय," ती हसून म्हणाली.

अभिनंदन पट्टीवरून बुटांसकट धावत गेला. सिस्टर ओरडल्या, तरी त्याला ऐकू आलं नाही. मुलीला घेऊन तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी कधी बघितलंच नाही हे," तो पद्मजाला म्हणाला.

"तू दुसऱ्या पाळीला असतोस."

"तू सांगत तर होतीस."

पडद्यावर 'तुलनेला नोंद नाही' असं आलं होतं. डॉक्टरांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : ही पहिली नोंद.

गोळी इतकी लहान, की तिचे चार तुकडे करताना अक्कांना भिंगाचा चष्मा लागला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. अभिनंदन फोनवर विचारी आणि पद्मजा म्हणे, "अजून दोन दिवस." आवाज घट्ट ठेवून म्हणे. आत मात्र ती स्वतःलाच विचारत होती, हे बत्तिसाव्यांदा तर नाही?

तिसऱ्या संध्याकाळी कापडावर उजव्या टाचेचा अर्धा चंद्र उमटला.

पाचव्या संध्याकाळी अक्का गच्चीत होत्या. पद्मजा कामावरून येऊन खाली चपला काढत होती. स्वयंपाकघरातून चंदना तांब्या घेऊन बाहेर पडली, तिच्या शेजारून गेली आणि जिना चढू लागली. पद्मजा मोजत राहिली. बाराव्या पायरीवर पाणी हिंदकळलं, पण पावलं थांबली नाहीत. चौदा.

वरून अक्कांचा आवाज आला. "अगं सांडलंस की सगळं. आता पिऊ काय मी?"

*

महिन्याने तपासणीला गेल्यावर डॉ. पटवेगार म्हणाल्या, "तुमच्या विश्वासांकासाठी मी अर्ज करतेय. बावीस ठेवणं बरं नाही."

"करा. पण आधी पट्टीचं सांगा. संध्याकाळी चालू राहणार?"

"मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सात. भांडून परवानगी मिळवलीय. पण येणार कोण? ज्यांचं निदान पक्कं झालंय, त्या आया पुन्हा कशाला विचारतील?"

पद्मजाने दारातून बाहेर बघितलं. बाकावर चार बाया बसल्या होत्या. कडेच्या बाईजवळ सात-आठ वर्षांचा मुलगा, पायांना प्लास्टिकच्या पट्ट्या. तरी पाय हलवत खिडकीतले कावळे मोजत होता. बाईच्या हातात घडी केलेला कागद होता. त्यावरचा आकडा बाहेरून दिसत नव्हता, पण ती घडी पद्मजाच्या ओळखीची होती.

ती तिच्या शेजारी जाऊन बसली.

"ताई, तुमचा मुलगा संध्याकाळी कसा चालतो?"

बाईने आधी दाराकडे बघितलं, मग सिस्टरकडे. आवाज खाली आणला. "मी सांगितलं हो तसं त्यांना. पण ते म्हणतात, तुम्हाला उगीच वाटतं."

पद्मजाने पिशवी उघडली. ग्रे कापडाची घडी बाहेर काढली आणि तिच्यावर निळीची पुडी ठेवली.

"घरी परात आहे ना मोठी?" ती म्हणाली.